वाचले. मान्य नाही.

साहेबांना नाही म्हणताना अक्कांचा आवाज चढत नसे, उलट खाली यायचा. तो खाली आला की आम्ही बाकीचे कारकून उगाच फायली चाळू लागायचो. धरणात गेलेल्या गावांच्या पुनर्वसनाची आमची धुळ्याची कचेरी, तिथल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर त्या बसत. सकाळी सगळ्यांना जय भीम घालून खुर्ची पुसत आणि कामाला लागत. “सही करायला मला बापानं शिकवलं, नाही म्हणायला नोकरीनं,” असं त्या म्हणायच्या.

टायपिंगच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती टाकायला जळगावहून माणूस आला. जुनी काढावी लागेल, म्हणाला. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. अक्का म्हणाल्या, “एका घरात दोन जावा राहतात की. चूल तेवढी वेगळी मांडून द्या.” त्यानं कुरकुरत दोघींना वेगळे फोल्डर करून दिले. अक्कांचा हट्ट उगाच नव्हता. प्लॉटांची सगळी यादी जुन्या आवृत्तीत टाइप केलेली, आणि नवीत उघडली की नावं जागेवर राहत, पण प्लॉटचे नंबर मधूनच एक ओळ वर सरकत.

अक्कांची एक रीत होती. ज्याचा प्लॉट त्याला समोर बसवायचं आणि त्याचा कागद त्याच्या बोलीत मोठ्यानं वाचून दाखवायचा. शेवटी सगळं बरोबर आहे ना ते विचारायचं, “बठ्ठं बरोबर शे ना?” समोरचा हो म्हणाल्याशिवाय कागद साहेबांच्या टेबलावर जात नसे. कामाला उशीर होतो म्हणून साहेब चिडत. अक्का वाचतच राहत.

एकदा त्या रजेवर असताना मी घाण केली. घाईत यादी नव्या आवृत्तीत उघडली, तशीच सेव्ह केली आणि छापली. मग ती जुनीत उघडेना. दुसऱ्या दिवशी सखू आजी आल्या. अक्कांनी कागद वाचला, “आजी, तुना प्लॉट तेवीस शे.” आजी शांतपणे म्हणाल्या, “नही व माय, बावीस. मी तठे खुटा ठोकेल शे.” तेवीस म्हणजे नाल्याचा खड्डा. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं, ड्रॉवरमधून फ्लॉपी काढली आणि जुनी यादी परत चढवली. मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

पुढे साहेबांनी फर्मावलं, एका कचेरीत एकच आवृत्ती, जुनी काढा. अक्कांचा आवाज खाली आला, “लेखी द्या, साहेब.” साहेबांनी खरंच लेखी दिलं. अक्कांनी त्याच कागदाखाली लिहिलं, ‘वाचले. मान्य नाही. लोकांचे प्लॉट चुकतील.’ खाली सही, तारीख, आणि स्वतःच आवक-जावकमध्ये नोंद. आठवड्यात त्यांची चाळीसगावला बदली झाली. जाताना फ्लॉपी माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, “भाऊ, वाटप होईपर्यंत दोन्ही राहू दे.”

त्या गेल्या त्याच दुपारी साहेबांनी मला बोलावलं आणि जुनी काढून टाक म्हणाले. मी भित्रा माणूस. पण दारातून बाहेरचा बाक दिसत होता, त्यावर लोक पिशव्या मांडीवर धरून बसले होते. मी म्हणालो, “लेखी द्या, साहेब.” माझा आवाज मात्र चांगलाच चढला होता. त्यांनी दिलं. मी खाली लिहिलं, ‘वाचले. मान्य नाही.’ तो कागद वरच्या कचेरीत जाऊन परत येईपर्यंत जुन्या यादीवरच वाटप उरकलं. मग माझीही बदली झाली. होईना का! त्या तीन शब्दांइतकं सरळ मी आयुष्यात दुसरं काही लिहिलेलं नाही.

नव्या गावी जाताना चाळीसगावला उतरलो. अक्का तिथल्या कचेरीत कुणाला तरी कागद वाचून दाखवत होत्या. तो माणूस हो म्हणेपर्यंत मला थांबवून ठेवलं. मग मी माझी बदली, साहेबांचा राग, सगळं सांगायला लागलो, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

“आजीचा खुटा?” त्यांनी विचारलं.

“बावीसमध्येच आहे,” मी म्हणालो.