बटमध्ये न मावणारी बॅटरी

माझं सध्याचं पोस्टिंग वाणगाव. हुकूम कोणाचा नाही, पोटाचा आहे. सतरा वर्षं इन्फन्ट्रीत काढली, त्यातली अकरा रेडिओ ऑपरेटर म्हणून. हवालदार म्हणून घरी आलो. आता स्टेशनपासून तीन किलोमीटरवर एका एअरसॉफ्ट मैदानाच्या बॅटऱ्या सांभाळतो. गावात, म्हणजे चिंचणीत, बोंबील वाळत घालता घालता बायका मला 'खेळण्यातल्या बंदुकांचा हवालदार' म्हणतात. म्हणू देत. त्यांच्यातल्या एकीनेही अजून बॅटरी पेटलेली पाहिलेली नाही.

एअरसॉफ्टची बंदूक खरी नसते. आत एक छोटी मोटर असते आणि ती प्लास्टिकच्या गोळ्या फेकते. मोटरला ताकद देते लिथियम पॉलिमरची बॅटरी. चपटी, मऊ, वर प्लास्टिकचं वेष्टण. ही बॅटरी बहुधा बंदुकीच्या बटमध्ये बसते, आणि बट असतो खांद्याला टेकलेला, गालापासून चार बोटांवर. लोक गोळीला घाबरतात. मी बटला घाबरतो.

माझा दिवस ०७०० वाजता सुरू होतो. आमचं चार्जिंग कडाप्प्याच्या लादीवर, उघड्या पडवीत. शेजारी कोरड्या वाळूने भरलेली तीन मडकी, पालघरच्या बाजारातून आणलेली. चिंचणीचा किनारा घराला लागून असूनही वाळू मी नदीची आणली. खारी वाळू बॅटरीजवळ नको. आधी नजर: फुगली आहे का, वेष्टण फाटलंय का. मग हात: गरम आहे का. मग मीटर: आतला प्रत्येक सेल वेगळा मोजायचा. मग लाल-काळी तार बरोबर आहे ना ते पाहून जोडायची आणि बटमध्ये सरकवायची. सरकवायची, ठोकायची नाही. तार कुठे चिमटत नाही ना हे बघून मगच झाकण. खेळ संपला की बॅटरी बाहेर.

हे सगळं माझ्याबरोबरीने करतात मंगलावहिनी. विक्रमगडकडच्या डोंगरातल्या. पावसावरची थोडी शेती आहे, ती आटोपली की इथे येतात. माझा फौजेतल्या पोस्टवरचा सोबती नाईक काशिनाथ याच्या त्या पत्नी; नाईक हा त्याचा हुद्दा. काशिनाथ गेल्याला आता बरीच वर्षं झाली. मैदानावर गट आला की पहिलं प्रात्यक्षिक वहिनी देतात. नेम असा की बोईसरच्या कारखान्यांतली पोरं टाळ्या वाजवायची विसरतात.

मैदानाचे मालक निवृत्त मेजर. माणूस वाईट नाही, पण घाईचा. त्या आठवड्यात त्यांनी एक नवी बंदूक आणली होती, घडीच्या बटची, दिसायला झकास. तिच्यासाठी आलेली बॅटरी जरा जाड निघाली. बटमध्ये मावेना. शनिवारी मी बंदुकीला 'वापरू नये'ची लाल पट्टी लावून ती बाजूला ठेवली.

रविवारी ०८१५ ला रॅक तपासला. लाल पट्टी गायब. बट बंद.

"ही कुणी बसवली?"

"मी," मेजरसाहेब चहा घेत म्हणाले. "वरचं प्लास्टिक ब्लेडने काढलं, बसली. तू उगाच बाऊ करतोस."

मी झाकणाचा स्क्रू काढला. वेष्टण सोललेलं. आतला चंदेरी सेल एका कोपऱ्यात दबलेला. लाल तार स्क्रूखाली चिमटून चपटी झालेली. बंदूक अजून एकदाही चालवली नव्हती, तरी बॅटरी कोमट लागली. मधोमध फुगीर. मी आधी जोड सोडवला, मग हळूच तिला बाहेर काढलं.

गेटवर बस आली होती. तीस माणसं. साहेबांनी त्यांना नव्या बंदुकीचा फोटो आधीच पाठवला होता.

"दोन तासांचा प्रश्न आहे, हवालदार. परत बसव. वहिनी प्रात्यक्षिक देतील तेवढं चालवून घे."

चालवून घे. हे शब्द मी आधी एकदा ऐकले होते, हिंदीत, रेडिओवर.

आमची पोस्ट उंचावर होती, बर्फात. सहा माणसं, एक बंकर, एक रेडिओ सेट. थंडीत बॅटरी मरते, म्हणून आम्ही पाळीपाळीने ती कोटाच्या आत छातीशी घेऊन असायचो. तो रिवाजच होता. पोस्टवर आलेला नवा जवान रायफलच्या आधी बॅटरी उबवायला शिकायचा. एकदा सामान चढवताना आमची चांगली बॅटरी दगडावर आपटली. केसला तडा गेला, एक बाजू फुगली. मी रिपोर्ट दिला.

"सर, बॅटरी सर्व्हिसेबल नहीं है. ओव्हर."

"नई बॅटरी चार दिन में आएगी. तब तक चला लो. ओव्हर."

"ठीक है सर. आउट."

एवढंच. ती धोक्याची आहे हे मला माहीत होतं, तरी मी ठीक है म्हणालो. तिसऱ्या दिवशी सकाळी ती उबवायची पाळी माझी होती. पण मला संत्री ड्यूटी, म्हणजे बंकरबाहेरचा पहारा लागला, म्हणून ती पाळी काशिनाथने घेतली. ११२० वाजता बंकरच्या दारातून धूर आला. काशिनाथच्या कोटात बॅटरी पेटली होती. बंकरमध्ये रॉकेल होतं, दारूगोळा होता, चार माणसं होती. कोट उघडून ती तिथेच टाकली असती तर तो वाचला असता. त्याने टाकली नाही. दोन्ही हातांनी दाबून धरली आणि बाहेर पळाला. माझ्या समोरून गेला. तीस पावलांवर पडला. मी त्याच्यावर बर्फ टाकत राहिलो. हेलिकॉप्टर यायच्या आत तो गेला.

चौकशीच्या कागदावर आलं: व्यक्तिगत निष्काळजीपणा. साक्षीदार म्हणून खाली माझी सही. त्या सहीची मला आजही लाज वाटते.

"ऐकलंस का?" मेजरसाहेब म्हणाले.

"ऐकलं सर. नाही बसवणार."

"मी सांगतोय."

"हो सर. नाही."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

"उद्याचं उद्या बघू सर. आज ही बंदूक मैदानात जाणार नाही."

सतरा वर्षांत मी कुठल्या साहेबाला नाही म्हटलेलं नव्हतं. मी बॅटरी मडक्यात ठेवली, वर वाळू टाकली आणि मडकं उचलून उघड्या पडीक शेतात नेलं. पावलं मोजली. तीस.

मागे वळलो तर साहेब वहिनींशी बोलत होते. दुसरी बॅटरी कशीतरी कोंबता येईल, तेवढं प्रात्यक्षिक तुम्ही द्या, असं काहीतरी.

"भाऊ नाय म्हनलं ना? मंग मी पन नाय," वहिनी म्हणाल्या. "जुनी बंदूक हाय. तिचाच नेम बरा हाय माझा."

त्यांनी जुनीच बंदूक घेतली. दहा डबे, दहा गोळ्या. नव्या बंदुकीबद्दल कोणी विचारलंही नाही.

१३०० वाजता बस गेली. मेजरसाहेब तडक मडक्यापाशी गेले. मी मागोमाग. त्यांनी काठीने वाळू सारली. बॅटरी होती तशी. ना धूर, ना जाळ.

"बघ. काही झालं नाही."

"नाही झालं सर. त्याच्यासाठीच नाही म्हटलं."

मेजरसाहेब काठी टाकून ऑफिसात गेले. दुसऱ्या दिवशी ये म्हणाले नाहीत, नको असंही पुन्हा म्हणाले नाहीत. मी ०७०० ला हजर झालो. नवी बंदूक कपाटात गेली होती, तिची योग्य बॅटरी मिळेपर्यंत.

पण त्या रविवारी दुपारी अजून एक काम उरलं होतं. वहिनी पडवीत बंदुका पुसत होत्या. त्यांना सरकारी कागद तेवढा माहीत होता. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. तडा गेलेली केस, रेडिओवरचं बोलणं, माझी पाळी, माझी सही. त्यांचे हात थांबले.

"म्हंजे ते निष्काळजी नव्हते?"

"नव्हता. एका क्षणासाठीही नव्हता."

"आनि तुमी तवा नाय म्हनलं असतं तर?"

"तर काशिनाथ आज असता."

त्यांनी पुसायचं फडकं पुन्हा उचललं. डोळे पुसले नाहीत, बंदूकच पुसली.

"पोरगी कागद वाचते," त्या म्हणाल्या. "बाप निष्काळजी होता आसं वाचते. तुमी मला जे बोललं ते लिवून द्या. सरकारला पन द्या." मग म्हणाल्या, "आनि आता रोज नाय म्हना."

त्याच आठवड्यात मी पालघरहून पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. पहिली साक्ष अर्धी होती, ही पुरी आहे, असं लिहिलं. खाली तीच सही. एक प्रत वहिनींच्या मुलीच्या हातात दिली. उत्तर आलेलं नाही. दर तीन महिन्यांनी मी तेच पत्र पुन्हा पाठवतो, आणि पाठवत राहणार.

चार्जिंगच्या पडवीत मी एक फळा लावलाय. वर बॅटरी तपासायची रीत लिहिली आहे आणि खाली चार ओळी. मेजरसाहेब दोनदा म्हणाले, गिऱ्हाइकं बिचकतात, खालचं पूस. मी दोनदा नाही म्हणालो. त्या ओळी अशा:

नाईक काशिनाथ. वय एकतीस.
पेटलेली बॅटरी छातीशी धरून बंकरबाहेर तीस पावलं गेला.
आत चार जण होते. चौघेही घरी आले.
पाळी माझी होती.