टाकीतला दगड

पाण्याच्या आवाजावरून माणूस ओळखणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच असेल, आणि तो आमच्या घरात आहे. माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणते. त्यांची सगळी उमर मेंढरांमागं गेली, कोणत्या ओढ्याला पाणी उरलंय ते हुडकत. आता पडेगावला आमच्याजवळ राहतात, मेंढरं राहिली नाहीत, म्हणून आम्हाला राखतात. नळाला पाणी आलं तर आलं, नाहीतर टँकर. त्यामुळं डाळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला जातं, अंघोळीचं बादलीत धरून संडासाला. दाढीला मामा वाटीभर पाणी घेतात आणि त्यातलंही उरवतात. इथवर ठीक होतं. पण कुणी संडासात गेलं की मामा दाराबाहेर कान देऊन उभे. "एक मग झाला. दुसरा कशाला? आत म्हैस धुतीस का?" लासूर स्टेशनचे व्याही मुक्कामाला आले, तर त्यांनाही बाहेरून हाळी दिली, "पावनं, बास करा आता!" व्याही चहा न घेता निघून गेले. मी तर मुळातली भित्री. आत श्वाससुद्धा हळू घ्यायची.

मग सासूबाईंचे गुडघे गेले. त्यांना खाली बसवेना. माझ्या मालकांनी खुर्चीसारखा कमोड बसवायचं काढलं, तेव्हा मामा उसळले, "एका दाबात कळपाचं पाणी पितं ते!" मालक म्हणाले, "बाबा, आता कमी पाण्याचा निघालाय. दोन बटणं असतात. लघवीला लहान, नाहीतर मोठं." मामा स्वतः दुकानात गेले. तिथं तो कोरडाच मांडलेला. "पाणी सोडून दाव. ऐकल्याबिगर घेत नाय," म्हणून अडून बसले. दुकानदारानं शेवटी बादली आणून ओतली, तेव्हा कुठं मामांनी मान हलवली.

बसवला त्या दिवशी सासूबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "राणीच झाले की गं मी." पण मामांच्या मनात आलं, कमी पाण्यात भागतं तर आणखी कमी का नको? त्यांनी गुपचूप कमोडमागच्या टाकीचं झाकण काढून आत एक दगड ठेवला, ओढ्यातून आणलेला, काळा, गुळगुळीत, म्हणजे टाकीत तेवढं पाणी कमी मावेल. हे आम्हाला मागाहून कळलं. तेव्हा फक्त एवढंच दिसायचं की एका दाबात साफ होत नाही, पुन्हा दाबावं लागतं. मालक दुकानदाराला शिव्या द्यायचे. आणि बाहेरून मामा, "पुन्हा? अगं, लई झालं की!" सासूबाई लाजून चूर व्हायच्या. त्या कुणाशी भांडल्या नाहीत. त्यांनी पाणी पिणंच सोडलं. पेला पुढं केला की अर्धा परत द्यायच्या, "तहानच नाय लागत गं." भर उन्हाळ्यात त्यांचे ओठ फुटले होते.

तापानं फणफणल्या तेव्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, पाणी का पीत नव्हता?" सासूबाईंनी एकदा मामांकडं पाहिलं. "तहान नव्हती लागत," म्हणाल्या. मामांनी डोक्यावरचा फेटा काढून मांडीवर ठेवला. किडन्या गेल्या होत्या. सासूबाई घरी आल्या नाहीत.

दहावं-तेरावं उरकल्यावर मामांनी टाकीत हात घालून तो दगड काढला, आमच्यासमोर ओट्यावर ठेवला. "हा माझा," एवढंच बोलले. त्यानंतर कमोड एका दाबात साफ होऊ लागला. असला कमोड घरी बसवावा का, असं शेजारणी विचारतात. मी म्हणते, बसवा बाई, पाणी खरंच वाचतं.

मामा आता सकाळीच तांब्या भरून आमच्यामागं फिरतात. "पी आधी. समदं पी. मग जा. मी ऐकत नाय." मग पार फाटकापाशी जाऊन उभे राहतात आणि तिथून मोठमोठ्यानं खोकत राहतात, आपण लांब आहोत हे आतल्या माणसाला कळावं म्हणून. मी बटण दाबते. पाणी धो धो जातं, टाकी पुन्हा भरते, तरी फाटकावरचा खोकला थांबत नाही.