पन्नास जणांना विचारलं

आमच्या साडूंइतका लोकांना विचारून वागणारा माणूस वर्धा जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि इतकं विचारूनही दर वेळी तोंडावर आपटणारा तर अख्ख्या विदर्भात सापडायचा नाही. आर्वीला एसटी डेपोच्या मागे त्यांचं कुलरचं दुकान आहे. दुकानाला रंग कोणता द्यावा इथपासून नवा धंदा कोणता काढावा इथपर्यंत प्रत्येक गोष्ट ते आधी गावभर फिरून विचारतात. "मी पन्नास लोकाईले विचारतो, मंगच पाय उचलतो," असं छातीवर हात ठेवून सांगतात, आणि ते खरंही आहे. फक्त ते विचारतात कुणाला, हे ध्यानात यायला मला वीसेक वर्षं लागली, आणि आलं तेव्हा मी चाटच पडलो.

बाजारात प्लास्टिकचे कुलर आले तेव्हाची गोष्ट. पत्र्याचे कुलर बनवणं चालू ठेवावं का, हे साडूंनी सगळ्यात आधी विचारलं ते पत्रा कापणाऱ्या कारागिराला. मग कुलरच्या बाजूंना लागणाऱ्या वाळ्याच्या ताट्या भरून देणाऱ्या बाईला. मग दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, जे अर्थातच पत्र्याचा कुलर घ्यायलाच आलेलं असे. सगळ्यांचं एकमत झालं. मी भीत भीत सुचवलं, की भाऊजी, समोरच्या दुकानात प्लास्टिकचा घ्यायला रांग लागलीय, त्यांना एकदा विचारून पाहा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी भर मांडवात काही अभद्र बोललो. "ते आपले गिऱ्हाईक नाईत ना, साडभाऊ. त्याईले काय समजते?" दोन उन्हाळे पत्र्याचे कुलर छतापर्यंत रचून पडले. त्यातल्या एकात मांजर व्याली, तर साडू म्हणाले, मांजरीलासुद्धा थंडावा कळतो.

कुलरचा धंदा बसला तेव्हा त्यांच्या डोक्यात लॉन शिरलं. लॉन म्हणजे लग्नासाठी भाड्यानं द्यायचं हिरवळीचं मैदान. आमच्याकडे हल्ली गावाबाहेर पडलं की शेत कमी आणि लॉन जास्त लागतात. त्यासाठी जागाही त्यांनी हेरून ठेवली होती. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे साडूंच्या बायकोला, आमच्या ताईंना, सासऱ्यांनी रस्त्यालगतचं शेत दिलं होतं. सातबारा ताईंच्या नावावर, संत्र्याची बाग त्यांनीच जोपासलेली. ती सगळी झाडं काढून तिथं लॉन करायचं, म्हणून साडू पन्नास जणांना विचारायला निघाले. मांडववाल्याला विचारलं, बँडवाल्याला विचारलं, स्वयंपाकाची कंत्राटं घेणाऱ्याला विचारलं, हिरवळ लावून देणाऱ्याला तर दोनदा विचारलं. सगळे म्हणाले, धूमधडाक्यात चालेल. मलाही विचारलं. मी तेव्हा त्याच बागेतली संत्री सोलून खात होतो. तोंड भरलेलं, म्हणून मान हलवली. ती होकारात धरली गेली.

तरी एक शेवटचा कौल राहिला होता. मला बरोबर घेऊन ते केळझरच्या गणपतीला गेले, दोन चिठ्ठ्या मूर्तीसमोर ठेवल्या आणि डोळे मिटून एक उचलायला मला सांगितलं. मी उचलली. 'करावे' असं निघालं. साडूंचे डोळे पाणावले. ते प्रदक्षिणेला गेले तेव्हा मला काय बुद्धी झाली कोण जाणे, मी दुसरी चिठ्ठी उघडून पाहिली. तिच्यावर लिहिलं होतं, 'जरूर करावे'. इतक्या वर्षांत देवाला असं कोंडीत पकडलेलं मी पाहिलं नव्हतं. ते परत आल्यावर मी ती चिठ्ठी पुढं केली, तर त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "देवाच्या दारात 'नको' घेऊन जाते काय कोणी?" असं म्हणून त्यांनी मला प्रसाद दिला. ते लबाडी करत नव्हते, हीच त्यातली भयंकर गोष्ट होती. 'नको'ची चिठ्ठी लिहायची असते, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पुढच्या रविवारी आम्ही आर्वीला जेवायला होतो. झाडं उपटायचं मशीन सोमवारी येणार होतं. जेवता जेवता साडूंनी जमीन अकृषक करण्याचा अर्ज ताईंपुढं सरकवला, पेन दिलं आणि सही कुठं करायची ते बोटानं दाखवलं. ताईंनी हात पदराला पुसले. कागद वाचला, पुन्हा वाचला. मग अगदी सावकाश म्हणाल्या, "साऱ्या गावाले विचारलं म्हणता. मले काऊन नाई विचारलं?"

साडू खरोखर चकित झाले. "तुले काय विचाराचं? तू तं घरचीच आहेस."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुमीबी हो म्हटलं म्हणे." माझ्या हातातला घास हातातच राहिला. मला लाज वाटली, आणि ती आजतागायत गेलेली नाही.

साडूंनी कागद ओढून घेतला, घडी केली, आणि कधी न ऐकलेल्या बारीक आवाजात विचारलं, "बरं, मंग सांग. तुले काय वाटते?"

ताईंचं तोंड उघडं राहिलं. डोळ्यांत पाणी आलं. "आता एकदम विचारलं तं काय सांगू? विचार करू द्या मले."

मशीनवाल्याला साडूंनी नको म्हणून कळवलं. दिवाळीनंतर मी बायकोला घेऊन गेलो, तर घराला कुलूप, दोघं शेतात. आम्ही धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, पाहिलं. ताई एकेका झाडापाशी थांबून बोलत होत्या. हे बाबांनी लावलं, हे गारपिटीत मोडलं होतं, याचं फळ आंबट पण साल जाड, म्हणून दूरच्या गावाला पाठवायला बरं. आणि रस्त्यावर टपरी टाकून आपणच रस विकला तर काय होईल, तेही त्या सांगत होत्या. माझे साडू, जे कुणाचं दुसरं वाक्य कधी ऐकून घेत नाहीत, ते हात मागे बांधून ऐकत होते. बायको हळूच म्हणाली, ताईला एवढं बोलताना मी लहानपणानंतर आज पाहिलं. हे सगळं ताईंजवळ इतकी वर्षं होतंच. आम्ही दोघे साडू त्यांच्या हातचं जेवत होतो.