दौलताबादच्या घाटात अण्णा शेजारी बसले

मंडळी, आत्ताच घाट उतरून आले, लगेच लिहिते.

आमच्या जुन्या दोन दारांच्या स्पोर्ट्स कारला मी जास्त ताकदीचं इंजिन बसवलं. ते जड निघालं. गेल्या महिन्यात घाटाच्या उतारावर एका वळणाला ब्रेक मारताच गाडीचं नाक खाली गेलं आणि गाडी दरीकडं सरकली. कठडा होता म्हणून वाचले. मग ते वजन पेलतील असे पुढच्या स्प्रिंगा आणि शॉकअप बदलून घेतले.

आज त्याच उतारावर गाडी चालवून बघायची होती. घाटाच्या माथ्यावर थांबलो, तेव्हा सोबत आलेल्या वडिलांना म्हणाले, "अण्णा, तुम्ही इथंच उतरा. काही झालं तर?"

"म्हणून तर बसलोय. चल."

नेमका त्याच वळणावर समोरून ट्रक आला. मी ब्रेक दाबला. गाडी जराशी दबली, पण तिनं आपली बाजू सोडली नाही.

खाली पोचल्यावर अण्णा म्हणाले, "लई भ्यालो होतो. पण तू एकटी गेली असती तर वर उभं राहून जास्त भ्यालो असतो."



तुमच्या वेडापायी तुमच्याशेजारी असं कोण बसतं?