महांतप्पांची मांडी

सास्तूरचे महांतप्पा बियाण्यांचं दुकान चालवत. साखरेचा आजार जुना. त्यात पायाचा अंगठा काळा पडला, तेव्हा सोलापूरच्या डॉक्टरांनी पंजा काढायला सांगितला. महांतप्पांना पायापेक्षा मेल्यानंतरची अडचण मोठी वाटली. लिंगायतांत माणसाला मांडी घालून, बसवून पुरतात. अर्ध्या पायाची मांडी कशी घालायची? या प्रश्नावर दुकानात महिनाभर चर्चा झाली. शेवटी मठातल्या स्वामींना विचारलं. ते म्हणाले, "बसवायचं आमी बघून घेतो. तुम्ही आधी दवाखान्यात जावा." तोवर काळेपणा वर सरकला होता. पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला.

डॉक्टरांनी मुलाला, सिद्धारामला, स्पष्ट सांगितलं. या वयात असा पाय गेलेले बरेच जण वर्ष काढत नाहीत. हृदय दगा देतं, छाती भरते, दुसरा पायही बिघडतो. म्हणून निजवून ठेवू नका, उभं करा, साखर सांभाळा.

सिद्धारामनं त्यातलं वर्ष तेवढं घरी आणलं. वर्षच उरलंय म्हटल्यावर सेवेत कसर नको. रोज गोडधोड सुरू झालं. भेटायला येणारे बिस्किटांचे पुडे आणू लागले. दवाखान्यातून आणलेला वॉकर दाराआड गेला, कारण म्हाताऱ्याला उठवलं तर लोक नावं ठेवतील. पाठीला लाल चट्टे आले, खोकला लागला. गावानं मुलाचं कौतुक केलं.

मग उमरग्याहून महांतप्पांची थोरली बहीण शांताक्का आली. तिनं आधी पुरणपोळीचं ताट उचललं.

"अक्का, खाऊ दे की. किती दिवसांचा सोबती मी?"

"खड्ड्यात कसं बसायचं म्हणून महिनाभर रडलास. आता खाटंवर तरी बसून दाव!"

"आत्या, अप्पांना तरास होतोय," सिद्धाराम मध्ये पडला.

"व्हय. मेल्यावर न्हाय व्हायचा. वॉकर आण तू."

महांतप्पा कानडीत शिव्या देत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी शिव्या वाढल्या, पण अंगणही ओलांडलं. गल्लीत शांताक्काचं नाव खराब झालं. सख्खी बहीण असून लई कडक, असं बाया म्हणू लागल्या. तरी ती काही महिने तिथून हलली नाही.

परवा उरलेल्या पायाच्या टाचेला फोड दिसला. मलम लावावं की गावातल्या डॉक्टरला दाखवावं, यावर घरात दोन तट पडले. तोवर महांतप्पा वॉकर टेकत शेजाऱ्याच्या जीपपाशी पोचले होते.

"चल रे," ते म्हणाले. "ह्यांचं ठरायच्या आत सोलापूर गाठ."