पिनरचा बहावा

मंडळी, हातांना अजून धुराचा वास आहे. तो जायच्या आत लिहिते.

विलायतेतल्या आमच्या या पिनर गावात, कोपऱ्यावरच्या घरी गेल्या वर्षी एक झाड तोडलं. त्याचे वाळलेले ओंडके काल त्यांनी बाहेर ठेवले, 'फुकट घेऊन जा' अशी पाटी लावून. झाड माझ्या ओळखीचं होतं. मे महिन्यात त्याला पिवळ्या फुलांचे घोस लोंबायचे. मी सहा वर्षं त्याला बहावा म्हणत आले.

आज दुपारी चार कुटुंबं भरीत खायला येणार होती. बागेत चूल मांडली, त्यातले उचलून आणलेले ओंडके रचले, वांग्यांना तेल लावलं. काडी ओढणार, तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारचे ग्रॅहम म्हणाले, "थांबा. तो ओंडका दाखवा." ते निवृत्त सुतार आहेत.

त्यांनी कापलेली बाजू उजेडात धरली. कडेला पिवळसर, आत गडद चॉकलेटी. "हे लॅबर्नम. विषारी झाड आहे. यावर मुलांचं जेवण नको."

"आणि ही दरवर्षी आईंना फोटो पाठवायची," माझा नवरा निखिल म्हणाला, "बहावा फुलला म्हणून."

ग्रॅहमनी त्यांच्या शेडमधली ॲश नावाच्या इथल्या बिनविषारी झाडाची लाकडं दिली. फिकट, सरळ रेषांची. वांगी सुरेख भाजली. ते स्वतः दोनदा भरीत घेऊन गेले.

संध्याकाळी मी गल्लीभर खोडं बघत हिंडले. आता प्रत्येकाचं नाव हवंय.

आईला फोन करून चूक सांगितली. ती म्हणाली, "असू दे. आता दुसऱ्या झाडांचे फोटो पाठवत जा."

तुम्ही इथल्या कुठल्या झाडाला आपल्याकडचं नाव दिलंय? चुलीत घालण्याआधी एकदा विचारून घ्या.