त्रिफळाची मावसबहीण

"इथे सगळं मिळतं." दुबईत राहणाऱ्या मराठी बाईने गावच्या माणसांना फोनवर सांगायचं हे ठरलेलं वाक्य आहे, आणि मी ते जरा जास्तच ठसक्यात सांगते. म्हणून आई पहिल्यांदा वेंगुर्ल्याहून माझ्याकडे राहायला निघाली तेव्हा मी तिला बजावलं, बॅगेत फक्त साड्या भर. कोकम, उकडे तांदूळ, भाकरीचं पीठ, सगळं आमच्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या दुकानात आहे. तिने निमूट ऐकलं. बाबा गेल्यापासून ती हट्ट करायचं विसरली होती. थंडीभर तिने माझ्यापाशी राहावं, एवढंच मला हवं होतं.

पहिल्याच रविवारी मी बाजारातून बांगडे आणले आणि तिखलं करायला घेतलं. ओलं खोबरं, लाल मिरच्या वाटल्या, कोकमं टाकली आणि बांगड्याला वास देणाऱ्या टरफलांच्या, म्हणजे त्रिफळांच्या, डब्याकडे हात नेला, तर डबा रिकामा. मग लक्षात आलं की त्रिफळं मी इथे कधी विकत घेतलीच नव्हती. ती दरवर्षी आईकडूनच यायची. तिने पाठवलेलं सगळं मी खुशाल 'इथे मिळतं' मध्ये धरून बसले होते.

तिखलं तसंच वाढलं. आई जेवली, हात धुतले आणि म्हणाली, "बांगडो ताजो आसा हां."

आमच्याकडे याचा अर्थ एकच. मासा ताजा, म्हणजे कौतुक समुद्राचं, रांधणारीचं नव्हे. संध्याकाळी ती माझ्या नवऱ्याला विचारत होती, तिकीट अलीकडचं करून मिळेल का, घरी नारळांना पाणी घालायला कोणी नाही. मला फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला. चार त्रिफळांपायी आई परत जाते म्हणजे काय!

दुसऱ्या दिवशी खालच्या मल्याळी दुकानदाराला त्रिफळ मागितलं. त्याने त्रिफळा चूर्णाची बाटली काढून दिली. शारजापर्यंत जाऊन आले, तिथेही तेच चूर्ण. पोट साफ होईल याची हमी मात्र सगळे देत होते.

शेवटी काखेत कळसा निघाला. ऑफिसच्या पँट्रीत आमच्या अकाउंट्समधल्या चिनी बाईने डबा गरम केला आणि मी जागच्या जागी थांबले. वास आमच्या स्वयंपाकघराचा होता. मी सरळ तिच्या डब्यात डोकावले. कोंबडीच्या रश्श्यात लालसर, तोंड उघडलेली बारीक टरफलं. ती हसली, म्हणाली, आमच्या गावी याच्याशिवाय पान हलत नाही. दुसऱ्या दिवशी तिने मला एक पुडी आणून दिली.

तिखल्याला उकळी आली तशी आई हॉलमधून उठून आत आली. पुडीतलं एक टरफल तिने दाताखाली धरलं. मी चमचा हातात घेऊन उभी.

"ह्या आपला न्हय गो," ती म्हणाली. "पण त्रिफळाची मावसबहीण दिसता."

त्या दिवशी तिने दोनदा भात घेतला. टरफलं ताटाच्या कडेला नीट ओळीने काढून ठेवली, जशी गावी ठेवते तशी. बांगड्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

जेवण उरकतंय तोच आईला गावाहून मावशीचा फोन आला. ती विचारत होती, तुझं येणं कधी, आणि कोणी येणारं असलं तर काही पाठवू का. आईने सोफ्यावर पाय वर घेतले.

"थंडी सरल्यार येतंय. नारळांक पाणी तू घाल," ती म्हणाली, अगदी माझ्याच ठसक्यात. "आणि काय एक धाडू नको. हयसर सगळा गावता."